टेल-एंडची तहान

गुरुवारी सकाळी आठला डोळ्यांत पहिला थेंब. मग थोड्या थोड्या वेळाने आणखी दोन. तोवर बाळाला दूध नाही. बाहुल्या पुरत्या मोठ्या झाल्या की सिस्टर तिला दुपट्यात घट्ट गुंडाळायच्या, जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवायच्या, पापण्या उघड्या धरणारी बारीक तारेची क्लिप लावायच्या. मग कपाळाला दिवा बांधलेल्या डॉक्टरबाई हातातल्या भिंगातून तिच्या डोळ्याच्या तळाशी बघायच्या. तेवढा वेळ आम्ही सगळे काचेच्या दाराबाहेर, बाकावर. हाताच्या ओंजळीत मावेल एवढ्या जिवाचा आवाज केवढा मोठा असतो, ते मला त्या बाकावर कळलं.

नात २९व्या आठवड्यात झाली. वजन ११८० ग्रॅम. लेकीच्या डोहाळजेवणाला हॉल सांगून ठेवला होता, फुलांच्या वाडीची ऑर्डर दिली होती. त्याच्या दहा दिवस आधीच ती आली. पहिला महिना आम्ही फक्त श्वास आणि वजन मोजलं. डोळ्यांचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. २८व्या दिवशी सिस्टरनी सांगितलं, "उद्या डोळ्यांची तपासणी आहे." मी विचारलं, डोळ्यांना काय झालंय? त्या म्हणाल्या, काही होऊ नये म्हणून. वेळेआधी आलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याला आरओपी नावाचा आजार होऊ शकतो. दोन किलोच्या आत वजन असलेलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं बाळ असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत त्याच्या डोळ्याचा पडदा तपासायचा असा आपल्या देशातला नियम आहे. फारच लहान बाळांचा त्याहून आधी. ही गोष्ट मला साठी ओलांडल्यावर कळली, आणि ती प्रत्येक घरात माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तपासणीनंतर डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागच्या बाजूला एक मोठं वर्तुळ काढलं. मधोमध नाही, जरा एका अंगाला, एक ठिपका दिला.

"ही दृष्टिचेता. पडद्याच्या रक्तवाहिन्या इथून निघतात आणि चहूकडे पसरत जातात. पोटात साधारण सोळाव्या आठवड्याला निघतात. नाकाकडची कड जवळ, तिथे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पोचतात. कानाकडची कड लांब. तिथे पोचायला पूर्ण दिवस भरावे लागतात. आजोबा, हिचे दिवस भरलेले नाहीत, म्हणून वाहिन्या इथवरच आल्यात." आणि त्यांनी वर्तुळात एक तुटक रेघ ओढली. रेघेच्या पलीकडची जागा कोरी ठेवली.

मी म्हणालो, "म्हणजे टेल-एंडला अजून लाइन गेलेली नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, पुण्याच्या पाणीपुरवठ्यात ओव्हरसिअर होतो, ३४ वर्षं.

टेल-एंड हा आमच्या कामातला रोजचा शब्द. टाकीपासून निघालेली लाइन जिथे संपते ते शेवटचं घर. टाकी भरलेली असते, वॉलमनने चावी पूर्ण उघडलेली असते, पहिल्या सोसायटीत गच्चीवरची टाकी भरून वाहत असते आणि टेल-एंडच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळ कुठे उभा राहिलो असेन तर अशा ठिकाणी. हातात प्रेशर गेज, समोर हंडे घेऊन उभ्या बायका. त्यामुळे त्या कागदावरची रेघेपलीकडची कोरी जागा मला एकदम ओळखीची वाटली. ओळखीची वाटली म्हणूनच भीती जास्त वाटली.

माझी भाची पाषाणला संशोधन करते. तिचा विषय वेगळा आहे, पण पेशींची भाषा तिला येते. रात्री तिला फोन करून मी माझं चित्र समजावून सांगितलं: दृष्टिचेता म्हणजे टाकी, रक्तवाहिन्या म्हणजे पाइप, पडदा म्हणजे वस्ती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, चित्र बरोबर आहे, पण त्यात एक माणूस जास्त आहे. तुम्ही. तिथे ओव्हरसिअर नसतो. नकाशा नसतो. ज्याला तहान लागलीय तोच लाइन बोलावून घेतो."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी पुढचे दोनेक महिने काढले. ती पेपर पाठवायची, मी शब्दकोश घेऊन बसायचो, अडलं की तिला विचारायचो. बाकावर बसून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि आत काय चाललंय ते कळत असलं की बाकावर बसणं जरा सोपं जातं.

डोळ्याचा पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. त्यात चेतापेशींचे थर. मागच्या थरातल्या पेशी उजेड झेलतात, मधल्या त्याची छाननी करतात, आणि सगळ्यात पुढे असतात त्या गँग्लिऑन पेशी. त्यांचे दहा-बारा लाख धागे एकत्र येऊन दृष्टिचेता बनते आणि मेंदूकडे जाते. हा पडदा मेंदूचाच भाग आहे, बाहेर आलेला. मेंदूसारखाच ऑक्सिजनचा भुकेला. पण सुरुवातीला त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. आधी चेतापेशी येतात, कामाला लागतात, आणि त्यांच्यामागून रक्त येतं. आमच्याकडेही आधी वस्ती होते आणि मग पाणी जातं. नव्याने शहरात आलेल्या गावांत हेच पाहिलंय: घरं उभी, माणसं राहायला आलेली, आणि लाइन येईपर्यंत टँकर. फरक तो पुढचाच.

गँग्लिऑन पेशी पीडीजीएफ नावाचं एक प्रथिन सोडतात. ते रक्तवाहिन्यांसाठी नसतंच. ते असतं ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींसाठी. चांदणीच्या आकाराच्या या पेशी दृष्टिचेतेतून पडद्यावर येतात, आणि पीडीजीएफ मिळालं की वाढतात, पसरतात, एकमेकींचे हात धरून पडद्यावर जाळी विणतात. लंडनमधल्या संशोधकांनी १९९६ साली उंदरांत हे दाखवलं: चेतापेशींकडून पीडीजीएफ जास्त सुटलं की या तारापेशी वाढतात. म्हणजे चेतापेशी थेट रक्ताला हाक मारत नाही. ती आधी मांडव घालून घेते. वेल नंतर येतो.

मांडवाच्या पुढच्या कडेला रक्त अजून पोचलेलं नसतं, म्हणून तिथे ऑक्सिजन कमी. ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या तारापेशी व्हीईजीएफ नावाचं दुसरं प्रथिन सोडतात, आणि ही मात्र थेट रक्तवाहिनीला घातलेली साद असते. वाहिनीच्या टोकाशी जी पेशी असते तिला बारीक बोटं फुटलेली असतात. ती बोटं व्हीईजीएफ जिकडे जास्त तिकडे चाचपडत जातात. मागच्या पेशी वाढून नळी लांबवतात. नळीतून रक्त आलं की तिथला ऑक्सिजन वाढतो, साद बंद होते, आणि हाक एक पाऊल पुढे सरकते. असं दर पावलाला. चर खणला, पाणी आलं, तहान भागली, पुढचा चर. या पेशींच्या बोटांचे फोटो मी पाहिले आणि चेतापेशीच्या वाढत्या टोकाचेही. चेतापेशींचा अभ्यास करणाऱ्या स्पेनच्या काखालने १८९० साली त्या टोकाचं वर्णन केलं होतं. शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटावीत.

यातला पहिला अंदाज फार जुना आहे. १९४८ साली आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं की पडद्यात नव्या केशवाहिन्या धमन्यांच्या आसपास उगवत नाहीत, शिरांकडून उगवतात. धमनीजवळ ऑक्सिजन मुबलक. तिच्या दोन्ही अंगांना एक मोकळा पट्टा राहतो. त्यावरून त्यांनी तर्क केला की पडद्याच्या ऊतींतूनच काहीतरी झिरपत असणार, आणि ते वाहिन्यांना बोलावत असणार. पुढे लोक त्याला फॅक्टर एक्स म्हणू लागले. त्या एक्सला नाव मिळून तो हातात यायला चाळीस वर्षं गेली. व्हीईजीएफ १९८९ साली वेगळं काढलं गेलं. नुसता मोकळा पट्टा बघून एवढं ओळखणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. आमच्याकडेही चांगला वॉलमन रस्त्याकडेचं गवत बघून सांगायचा, खाली कुठे गळतंय ते.

आणि गँग्लिऑन पेशी नसल्याच तर? असे उंदीर प्रयोगशाळेत आहेत, ज्यांच्यात या पेशी घडतच नाहीत. त्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची ती पहिली जाळी पसरत नाही. गर्भात डोळ्याला तात्पुरता रक्तपुरवठा करणाऱ्या आणि नंतर विरून जाणाऱ्या हायलॉइड वाहिन्याही तशाच राहून जातात. पिणारा नाही, तर लाइन नाही, आणि टँकरही हटत नाही. माँट्रिअलच्या संशोधकांनी २००८ साली आणखी एक दुवा दाखवला. ऑक्सिजन कमी पडला की पेशींत सक्सिनेट नावाचं द्रव्य साठतं. गँग्लिऑन पेशींवर ते ओळखणारी खास जागा असते, आणि त्या मग स्वतःच रक्तवाहिन्या वाढवणारी द्रव्यं सोडतात. त्यांना आपल्या श्वासाची कसर कळते. कुणी येऊन गेज लावायची गरज पडत नाही.

मला सगळ्यात थांबवून ठेवलं ते मात्र २०१४ सालच्या जपानी कामाने. व्हीईजीएफ पकडणारी जी जागा रक्तवाहिन्यांवर असते, तीच पडद्यातल्या चेतापेशींवरही भरपूर असते. कशाला? वाढणार तर वाहिन्या आहेत. तर चेतापेशी ते व्हीईजीएफ पकडतात, आत ओढून घेतात आणि संपवतात. त्यांच्यावरची ती जागा काढून टाकली तेव्हा व्हीईजीएफ साचलं, आणि वाहिन्या आपला थर सोडून भलत्या दिशेला, चेतापेशींच्या अंगावर, दाटीने वाढल्या. म्हणजे एकीकडून हाक मारायला लावणारी पेशी दुसरीकडून त्या हाकेतलं जास्तीचं गिळतही असते. मी भाचीला विचारलं, तहानलेला माणूस असं करेल का? ती म्हणाली, "बाळाचा डोळा करतो."

त्या आठवड्यात मी रोज हॉस्पिटलमधून निघून फडके हौदापर्यंत चालत जायचो. हौद आता चौकाच्या नावापुरता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून दगडी नळ आणला, तो शनिवारवाड्यापर्यंत. वाटेवर पेठांतले हौद. बदामी हौद, काळा हौद, अशी नावं अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. अठराव्या शतकात पंप नसताना निव्वळ उतारावर पाणी खेळवलं, हे काम किती मोठं आहे ते मला चांगलं समजतं. पण पाणी कुठे न्यायचं ते वाड्यात ठरलं. माझ्या काळात ते नकाशावर ठरलं. नळाखाली हंडा लावून बसलेल्या बाईला कुणी विचारलं नाही की लाइन कुठून वळवू, आणि किती पुरे. पडद्यात ते तिलाच विचारलं जातं. हे मी नोकरीत असताना वाचलं असतं तर बरं झालं असतं.

पाचव्या तपासणीला डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज रेघ दिसतेय. आरओपीची पहिली स्टेज." कागदावरची तुटक रेघ खरोखरच डोळ्यात उमटली होती: रक्त असलेल्या आणि नसलेल्या पडद्यामधली पांढुरकी सीमा.

यात काय होतं ते मी तोवर वाचलं होतं, आणि वाचलं नसतं तर बरं असं तेवढ्यापुरतं वाटलं. आईच्या पोटात बाळाच्या रक्तात ऑक्सिजन आपल्या मानाने पुष्कळ कमी असतो. ती कमतरता असते म्हणूनच साद चालू असते. बाळ वेळेआधी बाहेर येतं, हवा मिळते, वर श्वासासाठी ऑक्सिजन द्यावाच लागतो. पडद्याला वाटतं, पाणी आलं. साद गप्प होते. वाहिन्या होत्या तिथे थांबतात. पण चेतापेशी थांबत नाहीत. त्या आठवड्याला मोठ्या होत असतात, कानाकडच्या कोऱ्या पट्ट्यातल्यासुद्धा, आणि एके दिवशी त्यांची गरज त्या पट्ट्याला पेलत नाही. मग तहान एकदम उठते. व्हीईजीएफचा लोंढा येतो. वाहिन्या वाढतात, पण मांडव सोडून. डोळ्यातल्या पारदर्शक गराकडे उसळतात. त्या कच्च्या असतात, फुटतात, त्यांचे व्रण आकसतात आणि पडद्याला ओढतात. वेळेत अडवलं नाही तर पडदा सुटतो. १९४२ साली बॉस्टनच्या टेरींनी अशा बाळांच्या डोळ्यातल्या भिंगामागचा पांढरा पापुद्रा पहिल्यांदा नोंदवला. ऑक्सिजनशी त्याचा संबंध १९५०च्या दशकात कळला. लंडनच्या ॲश्टन यांनी मांजरीच्या पिल्लांना जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवून दाखवलं की पडद्याच्या कोवळ्या वाहिन्या त्याने मिटून जातात.

एक गोष्ट वाचून मी रात्रभर जागा होतो. उंदरांच्या पिल्लांत दिसलं आहे की उपाशी राहिलेल्या पट्ट्यातल्या चेतापेशी सेमाफोरिन ३ए नावाचं द्रव्य सोडतात, आणि ते वाहिन्यांना दूर ढकलतं. ज्यांना रक्त हवं, त्याच त्याला जवळ येऊ देत नाहीत. मला उन्हाळ्यातली एक वस्ती आठवली. चार वर्षं लाइन मागून थकलेली माणसं. शेवटी आम्ही चर खणायला गेलो तर खणू देईनात. तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही.

बाकावर शिरूरकडून आलेली एक आई असायची. तिच्या मुलाला लेसर करायचं ठरलं. लेसर म्हणजे काय ते डॉक्टरबाईंनी तिला समजावलं आणि मी शेजारून ऐकलं. जिथे रक्त पोचलेलं नाही त्या कडेच्या पट्ट्यातल्या पेशी जाळून टाकायच्या. तहान लागणाऱ्या पेशीच राहिल्या नाहीत की साद थांबते, आणि मधला पडदा वाचतो. व्हीईजीएफला बांधून ठेवणारं औषध डोळ्यात टोचूनही हे साधतात, पण तिच्या मुलाला लेसर योग्य होतं. ती म्हणाली, "म्हणजे कडेचं जाणार." डॉक्टरबाई म्हणाल्या, "हो. मधलं राहावं म्हणून." ती थोडा वेळ गप्प बसली, मग सहीसाठी पेन मागितलं. माझ्याकडचं पेन तिला दिलं. त्या मुलाचा पडदा आता जागेवर आहे, एवढं तिने परवा फोनवर सांगितलं.

मधलं म्हणजे पीतबिंदू. त्याच्या मध्यभागी एक खळगा असतो, आणि आपली सगळ्यात तीक्ष्ण नजर त्या खळग्यातून असते. हे अक्षर तुम्ही त्याच जागेने वाचताय. तिथे, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या त्या गोलात, रक्ताची एकही वाहिनी नसते. गर्भात वाहिन्या पसरत पसरत तिथवर येतात आणि वळसा घालून जातात. तारापेशीही आत शिरत नाहीत, म्हणजे मांडवच घातला जात नाही. माणसाच्या गर्भाच्या पडद्यांवरच्या अभ्यासात दिसलं आहे की तिथल्या गँग्लिऑन पेशी वाहिन्यांना रोखणारी द्रव्यं तयार करतात. वाहिनी आडवी आली तर उजेडाची वाट अडते, म्हणून ती जागा मोकळी. नंतर पुढच्या थरांतल्या पेशीही बाजूला सरकतात आणि खळगा पडतो. तो पुरता घडायला जन्मानंतर काही वर्षं जातात. त्या जागेची भूक काही कमी नसते. कडेच्या वाहिन्यांतून आणि मागच्या अंगाने जे झिरपेल त्यावर ती भागवते. लाइन नको म्हणणारी वस्ती मी ३४ वर्षांत पाहिली नव्हती. इथे ती प्रत्येकाच्या डोळ्यात आहे.

भाचीने शेवटचा पेपर पाठवला तो उजेडाचा. २०१३ सालचा. उंदरीण गाभण असताना शेवटचे काही दिवस तिला पूर्ण अंधारात ठेवलं, तर पिल्लांच्या पडद्यात चेतापेशी जास्त झाल्या, ऑक्सिजन कमी पडला, व्हीईजीएफ वाढलं आणि वाहिन्यांची दाटी झाली. हायलॉइड वाहिन्याही वेळेवर विरल्या नाहीत. गँग्लिऑन पेशींतल्या काही मोजक्या पेशींना उजेड स्वतःहून कळतो, मेलॅनोप्सिन नावाच्या द्रव्याने. पिल्लू अजून पोटात, डोळे मिटलेले, बघण्याचं यंत्र अर्धं तयार, आणि आईच्या कातडीतून झिरपलेला उजेड त्याच्या डोळ्यातलं रक्त मोजून देतो. हे उंदरांचं आहे, माणसाला तसंच्या तसं लावायचं नाही, असं भाचीने दोनदा बजावलं. ते मी पाळतो. पण लेक सहाव्या महिन्यात सकाळी धायरीच्या घराच्या गच्चीत कोवळ्या उन्हात बसायची, ते मला त्या रात्री सारखं आठवत राहिलं.

आमची रेघ पहिल्या स्टेजच्या पुढे गेली नाही. ३८व्या आठवड्यात ती फिकी झाली, आणि वाहिन्या तिच्यावरून पलीकडे जाऊ लागल्या. दर गुरुवारी डॉक्टरबाई त्याच कागदावर नव्या रंगाने रेघ काढायच्या. मी तसं मागूनच घेतलं होतं. निळी, हिरवी, मग लाल. कानाकडची कोरी फाक बारीक होत गेली. लेक आता घरी झोपायला लागली होती, बाळाचं वजन दोन किलोवर गेलं होतं, जावयांनी डोहाळजेवणाच्या हॉलवाल्याला बारशाची तारीख विचारली होती.

४२व्या आठवड्यात त्यांनी बराच वेळ बघितलं. कपाळावरचा दिवा वर केला, पेन घेतलं आणि वर्तुळाच्या कडेवरच रेघ ओढली.

"पोचल्या," त्या म्हणाल्या. "आता तीन महिन्यांनी या. चष्म्याचा नंबर लागतो का ते बघत राहायचं."

कागद मी मागून घेतला. घरी माझ्या जुन्या वॉल्व्हच्या नकाशांच्या फायलीत ठेवलाय.

खाली उतरलो तर दुपारचे बारा. थेंबांमुळे तिच्या बाहुल्या अजून मोठ्या होत्या आणि रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. तिने चेहरा आक्रसला, रडायच्या बेतात आली. लेकीने टोपरं पुढे ओढलं. मी रिक्षा थांबवायला उचललेला हात तसाच खाली आणून तिच्या डोळ्यांवर सावली धरली. थोड्या वेळाने तिने एक डोळा उघडला आणि माझ्या बोटांच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे बघत राहिली.